प्रति: नुसत्या पिसांचीच पिशवी का नाही?
कोंबडीच्या पिसांत ९०%च्या आसपास केराटिन (केस-नखांत असतं तसलं प्रथिन) असतं, मग प्लास्टिकऐवजी वापरायला नुसत्या त्याचीच पिशवी का करत नाहीत, असं वर विचारलंय. कारण सुकल्यावर त्याचा पापुद्रा पापडासारखा मोडतो. पिसाला घट्टपणा येतो तो गंधकाच्या बंधांमुळे, आणि केराटिन विरघळवायला सोडियम सल्फाइडने नेमके तेच तोडावे लागतात (वासाचं विचारू नका!). मग लवचीकपणासाठी ग्लिसरीन, ताकदीसाठी कायटोसान किंवा पॉलिव्हिनाइल अल्कोहोल (पाण्यात विरघळणारं कृत्रिम प्लास्टिक) त्यात मिसळतात. कायटोसान कोळंबीच्या टरफलांतून मिळतं, म्हणजे दोन्हीकडे कचराच कच्चा माल. मला केराटिन-कायटोसान हीच जोडी आवडते. पीएलएशी (मक्यासारख्या पिकांपासून बनणाऱ्या प्लास्टिकशी) मात्र केराटिनचं सहज जमत नाही, केराटिन पाणी ओढणारं, पीएलए झिडकारणारं. आणि पॉलिव्हिनाइल अल्कोहोल घातलेल्याला सरसकट 'कुजणारं' म्हणायला मी कचरतो, त्याला ठरावीक जिवाणू लागतात.