मुलांच्या वाढदिवसाची थीम: आपले अनुभव लिहावेत

माझी मुलगी दीड महिन्याने सहा वर्षांची होईल. तिने डायनासोर, गुप्तहेर आणि पाऊस अशा तीन थीम जाहीर केल्या असून तिसरी कशी साजरी करायची, हे तिलाही ठाऊक नाही. सजावटीची छायाचित्रे हवी तितकी पाहायला मिळतात. त्या सजावटीपुढे मुलांनी दोन तास काय केले, हे मात्र कुणी सांगत नाही. ज्यांनी हे निभावले आहे त्यांनी फसलेल्या गोष्टींसह लिहावे, ही विनंती.

* * *

डायनासोर आम्ही मुलाच्या सातव्या वाढदिवसाला केले. वाळूत प्लास्टिकची हाडे पुरून उत्खनन करण्याचा बेत होता, पण पंधरा मुलांत ब्रश चारच आणल्यामुळे उत्खननाआधी युद्ध झाले. खरी गंमत एका दोरीने आणली. डिप्लोडोकसची लांबी सुमारे 25 मीटर होती, म्हणून तेवढी दोरी मैदानात पसरली आणि मुलांना हात फैलावून तिच्यावर ओळीने उभे केले. पंधराही जण संपले तरी बरीच शेपूट उरली, ती भरून काढायला पालकांना बोलवावे लागले. थीम निवडताना एक ध्यानात असू द्यावे, की या विषयात मुले आपल्यापेक्षा जाणकार असतात. छताला टांगलेला टेरोसॉर मुळात डायनासोर नव्हे, आणि फलकावर शेजारी उभे असलेले स्टेगोसॉरस व टायरॅनोसॉरस यांच्यात सुमारे 8 कोटी वर्षांचे अंतर आहे, हे मला एका पाहुण्या मुलीने सर्वांदेखत ऐकवले.

* * *

मुलगा तीन वर्षांचा असताना आम्ही जंगल निवडले आणि यजमानांनी वाघाचा मुखवटा घातला. मुलगा बापालाच ओळखेना आणि उरलेला वेळ माझ्या कडेवर रडत बसला. या वयात मुखवटे नकोत. फुगेही मुलांच्या हाती देऊ नयेत; फुटलेल्या किंवा न फुगवलेल्या फुग्याचा तुकडा घशात अडकण्याचा धोका आठ वर्षांपर्यंतच्या मुलांना असतो.

* * *

अंतराळाची थीम मुलीची नसून माझी होती, हे आज मान्य करतो. सूर्य 1 मीटरचा धरला तर पृथ्वी 9 मिलिमीटरची आणि 107 मीटर दूर येते, हे प्रत्यक्ष चालून दाखवण्याचा माझा आग्रह होता. निम्म्या वाटेवरून मुले परतली आणि शीतकपाटाच्या रिकाम्या खोक्यात शिरून संध्याकाळभर उलटी गिनती करत राहिली.

* * *

गुप्तहेर ही थीम सहा वर्षांसाठी थोडी लवकर होईल. आम्ही ती दहाव्या वर्षी केली. लिंबाच्या रसाने लिहिलेली चिठ्ठी दिव्याजवळ धरल्यावर उमटते, असे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, परंतु हल्लीचे एलईडी दिवे पुरेसे तापत नसल्याने दहा मिनिटे काहीच दिसले नाही. शेवटी मी स्वतः इस्त्री फिरवली, तेव्हा तपकिरी अक्षरे उमटली. बोटांचे ठसे मात्र पहिल्या फेरीतच जमले: पेन्सिलीची भुकटी बोटाला चोळायची, वर पारदर्शक चिकटपट्टी दाबायची आणि ती पांढऱ्या कागदावर लावायची. कुणाच्या बोटावर शंख आणि कुणाच्या चक्र, हे शोधण्यात केक कापायचे राहून गेले होते.

* * *

पाऊस ही थीम सोडू नये, असे मी सुचवेन. आमच्याकडे ती जवळजवळ विनाखर्च झाली. मुलांना गोल बसवून दिवे मंद केले. एकाने तळहात चोळायचे, मग शेजाऱ्याने, असे करत वर्तुळ पूर्ण झाले की वारा ऐकू येतो. पुढच्या फेरीत चुटक्या, त्यानंतर मांड्यांवर थापा आणि अखेरीस पाय आपटणे. त्याच क्रमाने मागे आले की सर ओसरते. खेळ एकदाच घ्यायचा ठरला होता, पण पुन्हा पाडा असा हट्ट झाला आणि त्या संध्याकाळी पाऊस चार वेळा पडला.