मदत हवी आहे: वेल्डिंगनंतर फ्रेम वाकतात, ग्राइंडिंग संपता संपत नाही. आधी काय सुधारू?

नमस्कार मंडळी,

छोटं फॅब्रिकेशन शॉप आहे. मशीनच्या बेस फ्रेम, कंट्रोल पॅनेलचे बॉक्स, गार्ड असं काम चालतं. सगळं माइल्ड स्टील. बॉक्सला बहुतेक 3 मिमी पत्रा, फ्रेमला चौकोनी पाइप. लेझर कटिंग बाहेरून करून घेतो. बेंडिंग, मिग (वायर आणि गॅस वापरून केलेलं) वेल्डिंग आणि पेंटआधीची सफाई आमच्याकडे. गॅस शुद्ध सीओटू.

कामं भरपूर आहेत, हातही चांगले आहेत, पण माल वेळेवर निघत नाही. दोन दुखणी मुख्य आहेत.

एक, फ्रेम. 1200 बाय 800 ची फ्रेम टॅक (जागेवर धरणारे छोटे टाके) मारल्यावर दोन्ही कर्ण बरोबर येतात. पूर्ण वेल्ड करून टेबलावर ठेवली की एक कोपरा उचललेला, आणि कर्णांत 4-5 मिमीचा फरक. मग हातोडा, जॅक, गॅसने तापवणं. फ्रेम सरळ होते, दिवस मात्र वाकडा जातो.

दोन, बॉक्स. कोपऱ्यात पत्रे एकमेकांना भिडत नाहीत, 2 मिमीची फट राहते. वेल्डर ती भरून काढतो, बीड (वेल्डचा उंचवटा) डोंगराएवढा होतो आणि ग्राइंडरवाला तो उतरवत बसतो. सध्या शॉपमध्ये सगळ्यात जास्त काम ग्राइंडिंगच्या टेबलाशी तुंबलेलं असतं.

भागीदाराचं म्हणणं, पल्स मिग मशीन (करंट ठोक्याठोक्याने देणारं) घेऊ, स्पॅटर (वेल्डिंगमधून उडणारे धातूचे थेंब) कमी झाला की ग्राइंडिंग निम्म्यावर येईल. मला ते पटत नाहीये, पण तोडीस तोड उत्तरही सुचत नाही. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १

मशीनचं आधी निकालात काढू. शुद्ध सीओटूवर पल्सचा उपयोग होत नाही, त्याला आर्गॉनचं प्रमाण जास्त असलेला गॅस लागतो. म्हणजे मशीनबरोबर गॅसही बदलणं आलं. स्पॅटरचाच त्रास असेल तर आहे त्या मशीनवर 80 टक्के आर्गॉन, 20 टक्के सीओटूचं मिक्स लावून बघा, बराच फरक पडेल. पण तुमचा ग्राइंडरवाला स्पॅटर काढतोय की बीड उतरवतोय? लिहिलंय त्यावरून बीड. तो पल्सनेही तेवढाच राहणार, कारण फट तेवढीच आहे.

प्रतिसाद २

दादा, फ्रेमवर बोलतो, माझा हात त्यातच बसलाय.

पहिलं, फिलेट गेज (कोपऱ्यातला वेल्ड मोजायची पट्टी) घ्या आणि झालेले सांधे मोजा. ड्रॉइंगवर 6 मिमीचा लेग (वेल्डच्या एका बाजूची लांबी) असतो आणि वेल्डर ‘मजबूत हवं’ म्हणून 8 चा ओढतो, हे जवळपास सगळीकडे दिसतं. वेल्डचं क्षेत्रफळ लेगच्या वर्गाने वाढतं. 36 चे 64 झाले, म्हणजे सुमारे 78 टक्के धातू जास्त. तेवढी वायर, तेवढा वेळ, आणि उष्णता वाढली की ओढही वाढते.

दुसरं, क्रम. कोपऱ्यात आतल्या बाजूचा वेल्ड कोन मिटवतो, बाहेरच्या बाजूचा उघडतो. वरच्या तोंडाचे चारही सांधे आधी संपवले तर फ्रेम वर उचलणारच. एका कोपऱ्यावर थोडं, मग कर्णावर समोरच्या कोपऱ्यावर, मग फ्रेम उलटून खालची बाजू, असं फिरत राहा. जाड टेबलाला क्लॅम्प करा आणि गार होईपर्यंत सोडू नका. घाईने लाल असताना क्लॅम्प काढला की सगळं मुसळ केरात.

प्रतिसाद ३

बॉक्सची फट वेल्डिंग टेबलावर शोधू नका, ती प्रेस ब्रेकवर (पत्रा वाकवायच्या मशीनवर) तयार होते. 3 मिमी पत्र्याला कोणती व्ही (खालच्या डायची खाच) लावता? आणि लेझरवाल्याची फ्लॅट साइज (वाकवण्याआधीच्या पत्र्याचं माप) कोणत्या हिशोबाने निघते?

एअर बेंडिंगमध्ये (पत्रा खाचेच्या तळाला न टेकवता वाकवताना) आतली त्रिज्या वरच्या पंचापेक्षा व्हीच्या रुंदीवर जास्त ठरते. माइल्ड स्टीलला ढोबळमानाने व्हीचा सहावा भाग. 24 ची व्ही असेल तर त्रिज्या 4 च्या आसपास, 16 ची असेल तर अडीचच्या जरा वर. 90 अंशाच्या एका बेंडला वजावटीत (बाहेरच्या मापांच्या बेरजेतून फ्लॅट साइजसाठी वजा करायचा आकडा) अर्धा मिमीहून जास्त फरक पडतो. चार बेंड असले तर 2 मिमी झालेच. बॅकगेज (पत्रा मागे टेकवायचा मापाचा अडसर) लावून वाकवता, म्हणून आधीच्या फ्लँज (वाकवलेल्या कडा) बरोबर दिसतात आणि सगळी चूक शेवटच्या मापात जाऊन बसते.

धागाकर्ता

साहेब, व्ही 16 चीच लावलेली असते, डाय बदलायला वेळ जातो म्हणून ऑपरेटर ती काढतच नाही. लेझरवाल्याला फोन केला, त्याचा हिशोब 24 धरून आहे! तरीच शेवटची फ्लँज दर वेळी कमी भरायची.

फ्रेमचा क्रम आज एका नगावर करून बघितला, कर्णांतला फरक दीड मिमीवर आला. आता दोन शंका. वजावटीचा आकडा माझा मी कसा काढू? आणि सगळेच सांधे घासायला हवेत का?

प्रतिसाद ३

त्याच पत्र्यातून बरोबर 100 मिमी लांबीची पट्टी कापा, मधोमध 90 ला वाकवा, दोन्ही बाजू बाहेरून मोजून बेरीज करा. 100 च्या वर जितकं आलं ती तुमची वजावट. कोन नीट तपासा, 91 ला वाकलेली पट्टी चुकीचा आकडा देईल. पत्र्याचा लॉट बदलला की पुन्हा करा, जाडी आणि ताकद दोन्ही सरकतात. 3 मिमीला व्ही साधारण आठपट, म्हणजे 24 च योग्य. दिवसाची कामं जाडीप्रमाणे लावली तर डाय बदलणंही कमी होईल.

प्रतिसाद २

घासायचं फक्त दिसणाऱ्या आणि दुसरा भाग टेकणाऱ्या जागी. फिलेट सपाट करून थ्रोट (वेल्डची जाडी) कमी करणं म्हणजे पैसे देऊन सांधा कमकुवत करणं. ग्राहकाला विचारून ड्रॉइंगवरच लिहून घ्या, कुठला सांधा घासायचा आणि कुठला नाही. आतल्या बाजूचे बहुतेक सांधे कुणी बघत नाही. तुमचा ग्राइंडरवाला तेही चकचकीत करत असेल, विचारून बघा.