शेजारी मारहाणीचा आवाज आला, तर पोलिसांना परस्पर फोन करावा का?

सुलभा_द
आमच्या इमारतीच्या समितीपुढे एक ठराव आलाय. कुठल्याही घरातून मारहाणीचा आवाज आला की सुरक्षारक्षकानं लगेच पोलिसांना कळवायचं. मार खाणाऱ्याला विचारत बसायचं नाही. हेतू चांगला आहे, तरी मी विरोध केलाय आणि सध्या जिन्यात माझ्याशी काही जण बोलत नाहीत.

पोलीस येतात, दार वाजवतात, "काही नाही, टीव्ही मोठा होता" ऐकून जातात. त्यानंतर "कुणाला सांगितलंस?" हा प्रश्न रक्षकाला नाही, तिला विचारला जातो. फोनवर किती बोलायचं, हातात किती पैसे ठेवायचे, माहेरी कधी जायचं, हे सगळं जिच्या वतीनं दुसराच कुणी ठरवतो, तिच्या आयुष्यातला आणखी एक निर्णय आपण परस्पर घ्यायचा? मुलांची गोष्ट वेगळी. इथे सज्ञान माणसं आहेत.

पोलीस आले की प्रश्न सुटतो असंही नाही. १९८१-८२ मध्ये मिनीॲपोलिसला झालेल्या प्रयोगात अटकेमुळे पुन्हा मारहाण कमी झालेली दिसली आणि अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी अटक सक्तीची झाली. पुढे इतर शहरांत तोच प्रयोग केला तर निष्कर्ष जुळेनात. मिलवॉकीत तर बेरोजगार पुरुषांच्या बाबतीत अटकेनंतर मारहाण वाढल्याचं आढळलं.

रोखठोक
सुलभाताई, साफ असहमत. "तिची तयारी होईपर्यंत थांबा" म्हणताय, पण तयारी व्हायच्या आत ती मेली तर? रस्त्यावर कुणी कुणाला बडवत असेल तर आपण मार खाणाऱ्याची संमती घेतो का? मग चार भिंतींच्या आत वेगळा न्याय का? "त्यांच्या घरातली गोष्ट आहे" हे आजवर ऐकत आलोय. तुम्ही तेच जरा नव्या भाषेत सांगताय.

आणि मिलवॉकीचं म्हणाल तर त्याच प्रयोगात नोकरीवाल्यांवर अटकेचा चांगला परिणाम दिसला होता. तेही लिहा की.

सुलभा_द
लिहिलं असतं तरी चाललं असतं, मान्य. पण जीव जायची वेळ असेल तर फोन कराच, याला माझी ना नाहीच. ठरावात तो फरकच केलेला नाही. भांडणाचा आवाज आणि "वाचवा" सगळं एकाच मापात.

निशिगंध७
मी मदतवाहिनीवर फोन घेते, म्हणून थोडं लांबलचक लिहिते.

तुम्ही दोघंही आवाजावर अडलायत. सगळ्यात घातक प्रकाराला आवाजच नसतो. गळा दाबलेल्या माणसाला ओरडता येत नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, जोडीदारानं आधी कधी गळा दाबलेला असेल तर पुढे खून होण्याची शक्यता सातपटीहून जास्त आढळली. अंगावर खूण दिसेलच असंही नाही. आणि ज्या घरात हात उगारावाच लागत नाही, नुसत्या नजरेनं काम भागतं, तिथे तुमचा रक्षक काय ऐकणार? इंग्लंड-वेल्समध्ये अशी सततची जाचक हुकमत २०१५ च्या कायद्यानं गुन्हा ठरली, ती उगाच नाही.

दुसरं म्हणजे, घर सोडण्याचा आणि सोडल्यानंतरचा काळ सर्वात धोक्याचा असतो. म्हणून "सोडून दे ना सरळ" हा सल्ला फार जपून द्यावा.

मग शेजाऱ्यानं करायचं काय? ती एकटी भेटेल तेव्हाच बोलायचं. मेसेज नको, फोन दुसरा कुणी वाचत असतो. "आवाज येतो. मला काळजी वाटते. काय केलं तर तुम्हाला बरं पडेल?" एवढंच. ती "काही नाही हो" म्हणेल. म्हणू दे. तिच्या कागदपत्रांच्या प्रती आणि घराची जादा किल्ली तुमच्याकडे ठेवायची तयारी दाखवा. एखादं साधं वाक्य ठरवून ठेवा. "तुमच्याकडे पाणी येतंय का?" असं तिनं विचारलं की पोलिसांना फोन करायचा. संमती आधीच घेतलेली असते, त्या क्षणी विचारत बसावं लागत नाही.

आप्पा_जोशी
एवढं सगळं करण्यापेक्षा दोघांना वडीलधाऱ्यांसमोर बसवावं. अर्धे संसार असेच सावरलेत.

निशिगंध७
आप्पा, मनापासून सांगते, हे नका करू. ज्याची भीती वाटते त्याच्याशेजारी बसून कुणी खरं बोलत नाही. आणि बोललंच, तर घरी गेल्यावर त्याची किंमत मोजावी लागते. हा दोघांतला मतभेद नाही. एक जण दुसऱ्याला मारतोय.

आप्पा_जोशी
सगळेच राक्षस नसतात हो.

एक_वाचक
सगळे "तिला, तिला" लिहिताय म्हणून सांगतो. मी पुरुष आहे आणि मार मी खात होतो. बाया जास्त भोगतात हे मान्यच. पण आमच्या रक्षकाला आवाज जात होता, आणि तो हसायचा. हा ठराव तिथे असता तरी त्यानं फोन केला नसता.

ऑफिसातल्या एकानं त्याच्या कपाटातला एक कप्पा मला रिकामा करून दिला. पासपोर्ट, बँकेचे कागद, दोन शर्ट. "अजून तिथेच का राहतोस?" असं त्यानं कधी विचारलं नाही. बाकीचे सगळे तेवढंच विचारायचे. बाहेर पडलो तेव्हा सरळ तिथून पिशवी उचलली.

रोखठोक
हे वाचून गप्प बसलो होतो. कपाटाचं पटलं. पण एक गोष्ट अजून खटकते. सगळी शहाणपणाची यादी मार खाणाऱ्याभोवती फिरते. मारणाऱ्याला कुणी काही जाणवून द्यायचं की नाही? २००८ च्या 'बेल बजाओ' मोहिमेत शेजारी फक्त बेल वाजवतो आणि दूध किंवा फोन मागतो. आत कळतं की बाहेर ऐकू जातंय. युगांडातल्या कंपालामध्ये 'सासा' नावाचा उपक्रम अख्ख्या वस्त्यांना धरून चालला. २०१४ मध्ये त्याचे निष्कर्ष आले, तेव्हा जोडीदाराकडून होणारी हिंसा चालवून घेण्याची वृत्ती तिथल्या बायकांमध्ये लक्षणीय कमी झालेली होती. म्हणजे वातावरण बदलता येतं.

निशिगंध७
बेल वाजवायला माझी हरकत नाही. त्यात तिचं नाव कुठेच येत नाही. "तिनं आम्हाला सांगितलंय" हे मात्र मारणाऱ्यासमोर कधीच बोलायचं नाही. आणि तो अंगावर येणारा असेल तर एकट्यानं जाऊ नका.

सुलभा_द
ठराव दुरुस्त करून मांडतेय. मदतीची हाक, शस्त्र किंवा कुणी बेशुद्ध पडल्यासारखं वाटलं, तर रक्षकानं थेट पोलिसांना फोन करायचा. एरवी बेल. दुसऱ्या दिवशी ठरलेल्या दोघींपैकी एकीनं एकटीला गाठून विचारायचं. नोंदवहीत काहीही लिहायचं नाही, ती येणारा-जाणारा कुणीही चाळतो. रक्षकाला प्रशिक्षण. आणि दोघींबरोबर एक पुरुषही, 'एक_वाचक' यांच्यामुळे.

रोखठोक
नोंदवहीचं कलम सोडून सगळं मान्य. पुढेमागे कोर्टात जायची वेळ आली तर तारीख-वेळ लागेल ना? वही नाही तर नाही, पण कुणीतरी कुठेतरी लिहून ठेवलंच पाहिजे.

निशिगंध७
तिला विचारून, तिच्या घराबाहेर. हवं तर ज्या दोघी ठरतील त्यांच्यापैकी एकीकडे.