मदत हवी आहे: मायक्रोवेव्हमध्ये आमटी कडेला रटरट, मधे गारढोण!

मंडळी जरा सांगा ना, फ्रीजमधली आमटी मायक्रोवेव्हला लावली की वाटीच्या कडेला बुडबुडे आणि मधे चमचा घातला तर गार. फ्रीजरमधल्या मटारचं तर विचारूच नका, अर्धे सुरकुतलेले, अर्धे अजून बर्फाच्या गोळ्यात.

सासूबाई म्हणतात मायक्रोवेव्ह आतून बाहेर तापवतो, पण माझ्या माहितीप्रमाणे उलटंच आहे, मॅग्नेट्रॉन (ओव्हनमधला लहरी तयार करणारा भाग) २.४५ गिगाहर्ट्झच्या लहरी सोडतो, त्या अन्नात थोडेच सेंटीमीटर शिरतात, तिथले पाण्याचे रेणू लहरीबरोबर सारखे वळायला बघतात आणि शेजारच्यांना धक्के मारतात, तीच उष्णता, आणि मग ती मधे जाते हळूहळू नेहमीसारखी. त्यात लहरी भिंतींवर आपटून परत येतात त्यामुळे काही जागी जोर जास्त काही जागी कमी, म्हणून तर ती काचेची तबकडी फिरते. बर्फात रेणू जखडलेले, तो लहरी फारशा शोषत नाही, पण जिथे जरा पाणी सुटलं तिथलंच भराभर तापत जातं (मटारचं कोडं बहुतेक हेच).

आता प्रश्न. वाटी तबकडीच्या मधोमध ठेवायची की कडेला? मधे ठेवली तर ती जागच्या जागीच फिरते ना! आणि आमचा ओव्हन डीफ्रॉस्टला घूंऽऽ करून थांबतो, परत घूंऽऽ, म्हणजे पूर्ण जोरातच पण चालू-बंद. इन्व्हर्टरवाला मायक्रोवेव्ह सलग कमी पॉवर देतो म्हणे, कोणी वापरलाय का, खरंच फरक पडतो?

"गॅसवर गरम कर" हे उत्तर प्लीज नको, ते घरी रोज मिळतं 😄