कप्पीवरच्या वजनांचं त्वरण सूत्रापेक्षा इतकं कमी का येतंय?

निळी_शाई

प्रॅक्टिकलमध्ये दोन दिवस अडकलेय म्हणून विचारतेय. टेबलाच्या वर कप्पी, कप्पीवरून दोरा, एका टोकाला २१० ग्रॅम आणि दुसऱ्या टोकाला २०० ग्रॅम. सूत्र साधं आहे, वजनांतला फरक भागिले बेरीज गुणिले ९.८, म्हणजे १० भागिले ४१० गुणिले ९.८, उत्तर ०.२३९ मीटर प्रति सेकंद वर्ग. मी जड वजन बरोबर १ मीटर उंचीवरून सोडलं, स्टॉपवॉचवर पाच रीडिंग घेतली: ३.२४, ३.३८, ३.२९, ३.३५, ३.२९. सरासरी ३.३१ सेकंद. दुप्पट अंतर भागिले वेळेचा वर्ग केलं की त्वरण येतं ०.१८३. जवळजवळ २४ टक्के कमी!!

आधी वाटलं बटण दाबायला उशीर होत असेल, पण सूत्राप्रमाणे २.८९ सेकंद लागायला हवेत आणि माझं एकही रीडिंग ३.२ च्या खाली नाही, मग ही चूक नुसती हाताची कशी असेल. माझी पार्टनर म्हणते जर्नलमध्ये २.९ च्या आसपासची रीडिंग लिहून टाक, कोण बघतंय. मला तसं नाही करायचं, कमी का येतंय ते समजून घ्यायचंय. कप्पी म्हणजे धातूची भरीव चकती आहे, ६० ग्रॅमची.

लंबक

रीडिंग अजिबात बदलू नकोस, तुझी रीडिंग बरोबर आहेत, तू वापरलेलं सूत्र अर्धवट आहे. त्या सूत्रात कप्पीला वजनच नाही आणि ती घर्षणाशिवाय फिरते असं धरलंय. तुझ्या टेबलावर खरी कप्पी आहे, वजनं हलायला लागली की तिलाही फिरवावं लागतं, आणि ते काम त्याच १० ग्रॅमच्या फरकाला करावं लागतं, दुसरं आहे कोण तिथे.

भरीव चकतीचं मोमेंट ऑफ इनर्शिया (फिरवायला ती किती विरोध करते त्याचं माप) म्हणजे अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले त्रिज्येचा वर्ग. समीकरणात त्याला त्रिज्येच्या वर्गाने भाग जातो, त्यामुळे त्रिज्या उडून जाते आणि कप्पीचं निम्मं वस्तुमान उरतं, म्हणजे तुझ्या केसमध्ये ३० ग्रॅम. ते खालच्या बेरजेत टाक: १० भागिले ४४० गुणिले ९.८, उत्तर ०.२२३. म्हणजे तफावतीतला साधारण तिसरा हिस्सा इथेच सापडला. (दोरा खाचेतून जातो, खाचेची त्रिज्या चकतीपेक्षा बरीच कमी असेल तर हा आकडा ३० पेक्षा थोडा वाढेल, ते बघून घे.)

उरलेलं आसाचं घर्षण. ते मोजताही येतं. दोन्हीकडे २०० लाव, मग एका बाजूला अर्धा अर्धा ग्रॅम वाढवत जा आणि दर वेळी बोटाने हलकासा धक्का दे. धक्क्यानंतर वजन मधेच रेंगाळून थांबलं तर अजून कमी पडतंय, वेग वाढत गेला तर जास्त झालं. ज्या वजनाला ते एकाच वेगाने खाली जातं तेवढं तुझं घर्षण. धक्का द्यायचाच, कारण थांबलेली कप्पी सुटायला जास्त जोर लागतो आणि आपल्याला फिरतानाचं घर्षण हवंय.

कप्पी आणि दोन वजनांचं हे यंत्र ज्याच्या नावाने ओळखतात त्या ॲटवूडने १७८४ साली त्याबद्दल पुस्तक छापलं, त्याच्या यंत्रात मुख्य चाकाचा आस चार छोट्या चाकांवर टेकवलेला होता, फक्त घर्षण कमी व्हावं म्हणून. म्हणजे त्यालाही हाच त्रास होता बघ.

तराजूकाटा

लॅबमधली वजनं काट्यावर टाकून बघितलीस का? वजनावर १० कोरलंय म्हणून ते १० असतंच असं नाही, हुक धरून की सोडून तेही बघ. इथे सगळा खेळ १० ग्रॅमच्या फरकावर आहे, त्यात १ ग्रॅम इकडे तिकडे झाला की त्वरण १० टक्क्यांनी बदलतं. आणि सोडताना जड वजन हातात धरू नकोस, हलकं वजन खाली धरून ठेव आणि तेच सोड, वजनं झुलत नाहीत.

जुनी_जर्नल

लंबकशी सहमत, पण एकाच फरकावर थांबू नकोस. एकूण ४१० तसंच ठेव आणि हलक्या बाजूचं वजन काढून जड बाजूला लाव, म्हणजे २०५ आणि २०५ पासून सुरुवात करून फरक १०, २०, ३०, ४० करत जा. इथे हमखास गोंधळ होतो, ५ ग्रॅम एकीकडून दुसरीकडे नेले की फरक १० ने बदलतो, ५ ने नाही. मग आडवा फरक, उभं त्वरण असा ग्राफ काढ. रेषा शून्यातून जाणार नाही, आडव्या अक्षाला जिथे कापेल तेवढं घर्षण, आणि ९.८ ला स्लोपने (रेषेच्या चढाने) भागलं की कप्पी धरून एकूण वस्तुमान.

अजून एक, दोऱ्यातला ताण दोन्हीकडे सारखा असतो हे डोक्यातून काढ. व्हायवाला हे विचारतातच.

निळी_शाई

सगळ्यांचे खूप आभार, आज परत केलं सगळं. वजनं काट्यावर बरोबर निघाली, खाचही काठाच्या अगदी जवळ आहे. घर्षण लंबक दादांनी सांगितलं तसं काढलं, दीडला वजन रेंगाळत होतं, २ ग्रॅमला सरळ एका वेगाने खाली गेलं, मी वरच्या आणि खालच्या अर्ध्या मीटरची वेळ वेगवेगळी घेऊन खात्री केली. आता १० मधून २ वजा, ८ भागिले ४४० गुणिले ९.८, उत्तर ०.१७८ आणि माझं होतं ०.१८३!! इतका आनंद झाला की काय सांगू.

ग्राफही काढला. फरक १० ला ३.३१ सेकंद, २० ला २.२२, ३० ला १.८० आणि ४० ला १.५२. रेषा आडव्या अक्षाला २.१ ग्रॅमवर कापते. पण स्लोपवरून एकूण वस्तुमान ४३३ येतंय, म्हणजे कप्पीचे ३० ऐवजी २३ च. हे का?

ताणाचंही केलं: जड बाजूला ०.२१० गुणिले (९.८ वजा ०.१८३) म्हणजे २.०२० न्यूटन, हलक्या बाजूला ०.२०० गुणिले (९.८ अधिक ०.१८३) म्हणजे १.९९७. फरक ०.०२३. हाच कप्पीला फिरवतो आणि घर्षणाशी झगडतो ना?

जुनी_जर्नल

हो, तोच. त्यातला साधारण ०.००५ कप्पीचा वेग वाढवायला जातो आणि बाकीचा सगळा घर्षणात.

२३ ची काळजी करू नकोस. १.५२ सेकंदात नुसती ०.०५ ची चूक झाली तरी त्वरण साडेसहा टक्क्यांनी हलतं, आणि ४३३ चे साडेसहा टक्के म्हणजे २८ ग्रॅम, म्हणजे कप्पीचा आख्खा आकडाच त्या चुकीत बुडतो. स्टॉपवॉचवरून कप्पीचं इनर्शिया मोजता येत नाही, ते चकती तोलूनच घे. घर्षणाचे आकडे मात्र दोन वेगळ्या वाटांनी २ आणि २.१ आलेत, ते जर्नलमध्ये शेजारी शेजारी लिही. आणि मोबाईलचा स्लो मोशन व्हिडिओ काढता आला तर फरक ४० चं रीडिंग तेवढं परत घे, मागे मोजपट्टी उभी लावून, फ्रेम मोजून वेळ काढ.

निळी_शाई

उद्या घेते. पार्टनर पण येतेय, मोजपट्टी ती धरणार आहे.