न्यू जर्सी: टाउनशिपच्या तपासणीत घर नापास, क्लोजिंग तीन आठवड्यांवर

प्रश्न (जुनंघर): मिडलसेक्स काउंटीतलं एक-कुटुंबी घर विकायचं आहे. सीसीओच्या (घर राहण्याजोगं असल्याचं टाउनचं प्रमाणपत्र) तपासणीत चार गोष्टी निघाल्या: स्मोक अलार्म जुने, डेकचा कठडा हलतो, वॉटर हीटरच्या दाब सोडणाऱ्या व्हॉल्वला पाइप नाही आणि तळघर पर्मिटशिवाय (बांधकाम परवान्याशिवाय) फिनिश केलेलं. करारात 'ॲज-इज' (आहे त्या स्थितीत विक्री) लिहिलंय, घेणारा कर्ज काढतोय. दुरुस्ती न करता क्लोजिंग (विक्रीचा व्यवहार पूर्ण होणं) होईल का?

वायरमन: अलार्म आधी उरका. सीसीओ प्रत्येक टाउन मागत नाही, पण स्मोक, कार्बन मोनॉक्साइड आणि अग्निशामकाचं प्रमाणपत्र एक-दोन कुटुंबांच्या घरांना राज्यभर लागतंच. बॅटरीवरचे अलार्म असतील तर १ जानेवारी २०१९ पासून दहा वर्षांचे सीलबंदच चालतात. वायरिंगवरचे असतील तर ते काढून बॅटरीचे लावू नका, तिथेच लोक पुन्हा नापास होतात. मागे छापलेली तारीख बघा. दहा वर्षं उलटली असतील तर वायरिंगवरचाच नवा बसवा. जागा: तळघरासकट प्रत्येक मजल्यावर एक, शिवाय बेडरूमच्या दारापासून १० फुटांच्या आत. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही बेडरूमपासून तेवढ्याच अंतरात. अग्निशामक किमान २ए:१०बी:सी क्षमतेचा (ही खूण त्यावर छापलेली असते), वजन १० पौंडांपर्यंत, स्वयंपाकघरापासून १० फुटांत, दिसेल असा भिंतीवर टांगलेला. नवा घेतला तर पावती जपून ठेवा. प्रमाणपत्राचा अर्ज क्लोजिंगआधीच्या शेवटच्या दिवसांत केलात तर फी बरीच वाढते.

सुतारपक्षी: कठडा नुसते खिळे ठोकून घट्ट करू नका, महिन्याभरात परत हलेल. खांब डेकखालच्या आडव्या जोइस्टला (तुळईला) आरपार बोल्टने बांधा, आणि लाकूड कुजलंय का ते आधी टोचून बघा. डेक जमिनीपासून ३० इंचांहून उंच असेल तर कठडा ३६ इंच हवा, गजांमधून ४ इंची चेंडू जाता कामा नये. हीटरच्या व्हॉल्वचा पाइप तोंडाच्याच मापाचा, तांब्याचा किंवा सीपीव्हीसीचा (गरम पाण्याला चालणारं प्लास्टिक), सतत उतरता, जमिनीपासून ६ इंचांच्या आत संपणारा. टोकाला आटे नकोत: कुणीतरी टोपी बसवतं, मग दाब सुटायला वाटच राहत नाही.

पर्मिटवाली: ही तिन्ही कामं दोन दिवसांची. खरं घोडं तळघरात अडलंय. मागाहून पर्मिट काढायचं तर अर्ज तपासायला टाउनला २० कामाचे दिवस मिळतात; तुमच्याकडे १५ आहेत. शिवाय झाकलेल्या वायरी नि पाइप बघायला इन्स्पेक्टर ड्रायवॉल (भिंतीचे जिप्सम बोर्ड) उघडायला लावू शकतो. खाली बेडरूम असेल तर बाहेर पडण्याची खिडकी लागेल: मोकळी जागा ५.७ चौरस फूट, उंची २४, रुंदी २० इंच, खालची चौकट खोलीच्या फरशीपासून ४४ इंचांच्या आत. आधी ओपरा अर्ज (सरकारी नोंदी मागायचा न्यू जर्सीचा अर्ज) करून घराची पर्मिट फाइल मागवा. पूर्वीच्या मालकाने पर्मिट काढून फक्त शेवटची तपासणी राहिली असेल तर निम्मं काम वाचतं.

जुनंघर: मग तात्पुरतं प्रमाणपत्र?

पर्मिटवाली: काही टाउन देतात, घेणारा ठरावीक मुदतीत काम पूर्ण करण्याचं प्रतिज्ञापत्र देतो. पण अलार्मसारख्या जिवाच्या गोष्टींना सूट नसते. घेणाऱ्याची बँक तात्पुरत्यावर कर्ज देईल का ते आजच लेखी विचारा. देणार असेल तर अंदाजी खर्चापेक्षा जास्त रक्कम एस्क्रोत (काम होईपर्यंत तिऱ्हाइताकडे अनामत) ठेवायची तयारी ठेवा.

आणि 'ॲज-इज'वर विसंबू नका. त्याने टाउनची अट सुटत नाही. सीसीओ कोणी आणायचा आणि दुरुस्तीचा खर्च कुठवर विक्रेत्याचा, हे करारातल्या वेगळ्या कलमात असतं. तेवढं कलम वकिलाकडून आज वाचून घ्या, क्लोजिंगची तारीख पुढे ढकलायचं पत्रही त्यांच्याकडूनच जाऊ द्या.