मदत हवी आहे: विश्वासणारा सैतानाच्या बंधनात असू शकतो का?

जय ख्रिस्त. आमच्या प्रार्थना गटातल्या एका ताईंचा बाप्तिस्मा झालाय, पण जुनी भीती आणि मनातला कडवटपणा सुटत नाही. काही जण म्हणतात, दुष्टात्मा काढायला हवा. मला हे घाईचं वाटतं. पुत्राने, म्हणजे येशूने, मुक्त केलं तर आपण खरोखर मुक्त आहोत (योहान 8:36), आणि रोमकरांस पत्राच्या 7व्या अध्यायातला प्रेषित पौलाचा झगडा पापाशी आहे, दुष्टात्म्याशी नाही. पण लूक 13 मध्ये सैतानाने 18 वर्षं बांधून ठेवलेल्या बाईला येशू ‘अब्राहामाची कन्या’ म्हणतो, म्हणजे ती देवाच्या लोकांपैकीच होती, तिथे मी अडखळते.

पश्चात्ताप आणि क्षमेची गरज कुठे, सुटकेच्या (दुष्टात्मा घालवण्याच्या) प्रार्थनेची कुठे, हे कसं ओळखायचं? ताई आधीच घाबरलेल्या आहेत, त्यांच्यावर कोणी ओरडून प्रार्थना करू नये असं फार वाटतं. डॉक्टरांचे उपचार चालूच राहतील. पाळकांनी, अनुभवी भावाबहिणींनी कृपया वचनांसह सांगावं.